प्रतिसाद: गड उतरल्यावर मांड्या का भरून येतात

कळसूबाई चढताना नुसता दम लागला, मग उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या एवढ्या का भरून आल्या, यावर वर 'लॅक्टिक ॲसिड साचतं' असं उत्तर आलंय. ते पटत नाही. लॅक्टिक ॲसिड, म्हणजे जोराच्या श्रमात स्नायूंत तयार होणारं आम्ल, तास-दीड तासात निघून जातं. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टिपेला पोहोचतं.

खरं कारण उतरताना पायांनी शरीराला ब्रेक लावण्यात आहे. मांडीवर पुढून हात ठेवून सावकाश एक पायरी उतरा. वरच्या पायाचा गुडघा वाकत जातो आणि मांडीचा स्नायू जोर लावत असतानाच लांबतो. अशा वेळी त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, त्यातून नंतर सूज आणि ठणका. या कामाला प्राणवायू मात्र फारच कमी लागतो. १९५२ साली ॲबट, बिग्लंड आणि रिची या संशोधकांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने पेडल मारायचं, दुसऱ्याने ते अडवायचं, म्हणजे उतरताना लावतो तसा ब्रेक लावायचा. अडवणाऱ्याला कितीतरी कमी प्राणवायू पुरला! म्हणूनच उतरताना दम लागत नाही आणि आपण बेसावध राहतो.

पुढच्या ट्रेकच्या आधी जिने उतरायचा सराव नक्की करा. लिफ्टने वर जाऊन चालत खाली आलात तरी चालेल. एकदा सवय झालेला स्नायू पुढचे काही आठवडे बराच कमी दुखतो.