240 किलोवरून 160 वर: उतरलो की सुटलो?

कासवगती:
साताऱ्यात राहतो, वय 54. दिवाळीनंतर गाडी विकली. साडेसहाशे सीसीची क्रूझर होती, म्हणजे बुटक्या सीटची, पाय पुढे टाकून बसायची मोटरसायकल, वजन 240 किलोच्या घरात. तिच्या जागी टीव्हीएस रोनिन घेतली. 225 सीसी, 160 किलो. शेजाऱ्यांचा पहिला प्रश्न, "काय, पैशाची अडचण?" दुसरा, "पाठ धरली का?" दोन्ही नाही. म्हणजे पाठ धरते अधूनमधून, पण ती कॉम्प्युटरपुढे बसून.

गाडी वीसच्या पुढे गेली की वजन कळतच नाही. कळतं ते थांबल्यावर. उतारावर नाक खाली करून लावलेली गाडी मागे घेताना, अरुंद रस्त्यावर वळवताना, पार्किंगमध्ये कुणीतरी स्कूटर आडवी लावून गेलेलं असताना. दोन वर्षं मी कुठेही गेलो की आधी जागा बघायचो. हॉटेलात चहा चांगला आहे की नाही हे नंतर, समोरचं आवार सपाट आहे का हे आधी.

मग गेल्या जुलैत कासहून बामणोलीला उतरताना फोटोसाठी थांबलो. उजवा पाय टेकला तो नेमका शेवाळावर. गाडी पडली असंही म्हणता येणार नाही, म्हैस बसते तशी सावकाश बसली. मला काही लागलं नाही. हँडल धरून तीनदा जोर लावला, जागची हलेना. पाऊस, धुकं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पंधरा-वीस मिनिटांनी स्प्लेंडरवरून दोन पोरं आली, मधे खताचं पोतं. पोतं कडेला ठेवून त्यांनी गाडी उभी करून दिली. जाताना एक जण म्हणाला, "काका, एवढी जड कशाला घेतली?" त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरंच विचारत होता. मला उत्तर सुचलं नाही. यवतेश्वरचा घाट उतरून घरी आलो तरी सुचलं नव्हतं.

तेच इथे विचारतो. मोठी गाडी आपण नेमकी कोणासाठी घेतो? विरोधी मतं असतील तर जरूर मांडा, ऐकायला बसलोय.

डबल_सायलेन्सर:
काका, राग मानू नका, पण गाडी चुकीची नव्हती, थांबायची जागा चुकीची होती. शेवाळावर पाय टेकला तर स्कूटरही आडवी होते.

मी महिन्यातून दोनदा कोल्हापूर-पुणे करतो, मागे बायको आणि दोन बॅगा. तुमच्याच वजनगटातली रॉयल एनफिल्डची सुपर मिटिअर घ्या. 47 हॉर्सपॉवर, गाडी 241 किलो. दोघांचं मिळून 140 किलो धरलं तर एका हॉर्सपॉवरच्या वाट्याला 8 किलो येतात. रोनिनचे 20 हॉर्सपॉवर, तिथे हाच आकडा 15 च्या आसपास जातो. खंबाटकीच्या चढाला पुढे कंटेनर, मागे एसटी असताना हा फरक मनगटाला कळतो. लहान गाडीत गिअर उतरवा, इंजिन ओरडवा, मग ओव्हरटेक. मोठीत नुसती मूठ पिळायची. आणि बाजूने ट्रॉली गेली की हवेचा जो फटका बसतो, त्यात वजनच तुम्हाला धरून ठेवतं. पार्किंगमधल्या पाच मिनिटांसाठी रस्त्यावरचे पाच तास का वाया घालवायचे?

सरळ_रेषा:
@डबल_सायलेन्सर, केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी महामार्गावर दुचाकीला कमाल मर्यादा 80 ची आहे. 80 ला 225 सीसी मजेत चालते. ओरडण्याचा प्रश्न येतो कुठे?

डबल_सायलेन्सर:
80 ला चालणं वेगळं आणि 60 वरून 80 ला पटकन पोचणं वेगळं. ओव्हरटेक करताना अधिसूचना वाचत बसता येत नाही.

वेणी_आणि_हेल्मेट:
तुम्ही सगळे वजनावर अडकलात. माझी उंची 5 फूट 1 इंच, आणि माझ्यासाठी पहिला प्रश्न टाचा टेकतात का हा.

एक्सपल्स 200 हलकी, 160 किलोच्या आतली. पण सीट 825 मिलिमीटर. सिग्नलला मी बोटांच्या टोकांवर उभी. शेवटी मिटिअर 350 घेतली. 191 किलो, म्हणजे तीसेक किलो जास्तच, पण सीट 765. दोन्ही पाय सपाट टेकतात. गेल्या दोन वर्षांत एकदाही कलंडली नाही. म्हणजे हलकी गाडी सोपी आणि क्रूझर अवघड हे समीकरण साडेपाच फुटांच्या वरच्या पुरुषांचं आहे. आम्हाला हीच "जड" गाडी जास्त आटोक्यात वाटते.

आणि काका, हँडल धरून समोरून ओढायचं नसतं हो! गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडून ठेवायचा, नाहीतर उभी झालेली गाडी पलीकडे जाऊन आपटते. पहिला गिअर टाकायचा. मग गाडीकडे पाठ करून खाली बसायचं, एका हातात हँडलची मूठ, दुसऱ्यात मागची दांडी, कंबर सीटला लावून पायांच्या जोरावर छोटी पावलं टाकत मागे रेटायचं. पाठ वाकवायची नाही. 191 किलो मी एकटीने उचललेत, सरावासाठी, घरच्या मैदानात गादी टाकून.

कासवगती:
@वेणी_आणि_हेल्मेट, हे मला अडीच वर्षांपूर्वी कुणी शिकवलं असतं तर बहुतेक हा धागा निघालाच नसता. शेवाळावर तुमचे पाय कितपत धरतील ही शंका आहेच, पण सीटचा मुद्दा शंभर टक्के मान्य.

फक्त सीट खाली आली की गाडीचं पोटही खाली येतं. सुपर मिटिअरची सीट 740, जमिनीपासूनचं अंतर 135 मिलिमीटर. आमच्या गावाकडचे गतिरोधक कुठल्या नियमात बसत नाहीत, सरपंचाच्या मनात येईल तेवढे उंच. त्यावरून दोघं बसून जायचं म्हणजे आधी मागच्याला उतरवा.

पाना_नंबर_चौदा:
गॅरेजवाला आहे, कराडकडचा. दोन्हीकडच्या गाड्या येतात, म्हणून बोलतो.

क्रूझरवर पाय पुढे टाकून बसता ना, तिथेच खरी गोम आहे. खड्डा आला की साध्या गाडीवर माणूस जरा उभा राहतो, दणका गुडघे झेलतात. पाय पुढे असले की उठता येत नाही, सगळं माकडहाडावर. गिऱ्हाईक येऊन म्हणतं शॉकअप बदला. शॉकअप ठणठणीत असतो, बसण्याची ढब तशी आहे.

दुसरं, पैसे. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंत जीएसटी 18 टक्के, त्याच्या वर 40. आधी 28 आणि सेस धरून 31 होता, म्हणजे फरक फार नव्हता. आता साडेसहाशेची घेणाऱ्याने स्वतःला दोनदा विचारावं. टायरचं तर बोलतच नाही.

डबल_सायलेन्सर यांचा हायवेचा मुद्दा मात्र बरोबर आहे. महिन्याला हजार किलोमीटर हायवे असेल तर मोठीच घ्या.

एम_ऐंशीवाला:
सगळ्यांचे हिशोब वाचले. कासवगतींनी विचारलंय ते वेगळंच आहे, मोठी गाडी कोणासाठी. मी सांगतो.

माझ्या बाबांनी 22 वर्षं एम-80 या बजाजच्या छोट्या दुचाकीवर काढली, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. पावसाळ्यात चिखलात रुतली की किटल्या उतरवायच्या, गाडी काढायची, परत बांधायच्या. मी बुलेट घेतली त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. रात्री जेवणं झाल्यावर दिसेनात म्हणून शोधायला गेलो, तर अंगणात गाडीशेजारी खुर्ची टाकून बसलेले. विचारलं तर म्हणाले, "वारा खातोय."

मला ती मागे घेताना आजही घाम फुटतो. ॲव्हरेज एम-80 च्या निम्मंही नसेल. विकणार नाही. हिशोबाने चालायचं तर एम-80 च काय वाईट होती?

सरळ_रेषा:
ही भावना झाली, मुद्दा नव्हे.

एम_ऐंशीवाला:
गाड्या मुद्द्यांवर कोण घेतं?

कासवगती:
@एम_ऐंशीवाला, तुमचं वाचून थोडा वेळ थांबलो. माझ्या अंगणात कुणी खुर्ची टाकून बसणारं नव्हतं. मी गाडी घेतली ती ऑफिसातल्या तिघांनी घेतली म्हणून, हे आता कबूल करायला हरकत नाही. त्यातले दोघे अजून ती फक्त रविवारी धुतात.

तोटाही सांगतो, नाहीतर जाहिरात वाटेल. मागच्या महिन्यात चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांजवळ असा वारा होता की रोनिन हातभर बाजूला सरकली. जुनी गाडी तिथे ढिम्म असायची. आणि लांबच्या सरळ रस्त्यावरचा तो संथ, भरलेला आवाज आठवतो. कोल्हापूरला गेलो तेव्हा फारच आठवला.

पण तीन महिन्यांत ठोसेघरला चारदा गेलो. आधी दोन वर्षांत मिळून दोनदा गेलो होतो. संध्याकाळी पाचला मनात येतं, सव्वापाचला गाडी बाहेर. जड गाडीला मी मनातल्या मनात आधी तयार करायचो, तोवर अंधार पडायचा.

डबल_सायलेन्सर:
पटलं नाही, पण कळलं. रविवारी कासला येतोय, मोठीच घेऊन. बामणोलीची ती जागा दाखवा.

कासवगती:
ये. सकाळी सातला पोवई नाक्यावर भेट. आणि थांबशील तिथे डावा पाय टेक.