घरी इलेक्ट्रॉनिक संगीत करायचंय, आधी काय घ्यावं? (मिरज)

मंडळी, मदत हवी आहे.

राहायला मिरजेत, नोकरी सांगलीत. भजनी मंडळात पेटीची साथ करतो. हल्ली डोक्यात घेतलंय की तंबोऱ्यावर सिंथचे (सिंथेसायझर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्वर तयार करणारं वाद्य किंवा सॉफ्टवेअर) थर आणि बीट चढवून काहीतरी करायचं. तंबोरा घरात आहे (मिरजेत राहून तोच नसला तर काय!), पण संगणकावर संगीत करण्याचा अनुभव शून्य. लॅपटॉप विंडोजचा, ८ जीबी रॅम. बजेट २५ हजार.

दुकानात गेलं की गाडी स्पीकरवाल्या कीबोर्डवरच. "ह्यात ताल पण येतात, गणपतीत वाजवा." मला फक्त लॅपटॉपला जोडायचा मिडी कीबोर्ड (स्वतःचा आवाज नसलेला, कोणती पट्टी दाबली एवढंच संगणकाला सांगणारा) हवाय, हे काही केल्या पटेना. ऑनलाइन जो तो अकाई एमपीके मिनी सुचवतो. त्याला पट्ट्या २५, त्याही बारक्या. पेटीवर तीन सप्तकं फिरणारा हात तिथं कोंडतो. ४९ पट्ट्यांचाच घ्यावा ना?

एफएल स्टुडिओ ह्या संगीत करायच्या सॉफ्टवेअरचा ट्रायल उतरवला. सेव्ह होतं, पण सेव्ह केलेलं परत उघडत नाही! रीपर हे तसलंच दुसरं सॉफ्टवेअर ६० दिवस मोकळं वापरता येतं, लायसन्स ६० डॉलर, पण त्यात तयार आवाज फारसे नाहीत. कुठून सुरू करू?

आणि खरी डोकेदुखी ही: तंबोऱ्याच्या खर्जातून (खालच्या सा मधून) आपोआप गंधार ऐकू येतो, त्याच्याशी सिंथचा गंधार भांडतो. चढा लागतो. की माझेच कान?

प्रतिसाद १

कान ठीक आहेत. तंबोऱ्यातला गंधार हा खर्जाचा पाचवा स्वरांश (त्याच तारेतून आपोआप निघणारा, पाचपट कंपनांचा सूर). सिंथमधला समान भागांच्या सप्तकातला, साधारण १४ सेंट चढा (सेंट म्हणजे पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). पेटीतही तीच रड, फक्त भजनाच्या गलक्यात कळत नाही. सर्ज एक्सटी हा सिंथ फुकट आहे, त्यात स्काला फाईल (स्वरांची अंतरं लिहिलेली फाईल) टाकून स्वर हवे तसे लावता येतात. रीपरमध्ये तो चालतो, म्हणजे आवाजांचाही प्रश्न सुटला.

कीबोर्ड ४९चाच घ्या. बऱ्याच कीबोर्डांसोबत एबलटन लाईव्ह लाईट ह्या संगीत करायच्या सॉफ्टवेअरचा कोड मिळतो, खोक्यावर बघून घ्या. हेडफोन वायरचे, कानावर पूर्ण बसणारे. ब्लूटूथ अजिबात नको, पट्टी दाबल्यावर आवाज इतका उशिरा येतो की लय धरताच येत नाही. वायर लावूनही उशीर वाटला तर एसिओफोरऑल हा उशीर कमी करणारा ड्रायव्हर टाका आणि त्यातला बफर (संगणक एका वेळी साठवून पाठवतो तो आवाजाचा तुकडा) १२८ वर आणा.

ऑडिओ इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडायची डबी) आणि माईक पुढच्या पगाराला.

धागाकर्ता

मग तंबोरा आत कसा घ्यायचा?

प्रतिसाद २

सध्या मोबाईलवर. रात्री उशिरा, पंखा बंद, फोन विमान मोडवर, भोपळ्यापासून हातभर लांब. दोन-तीन मिनिटं सलग छेडा. लूप करताना (तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवताना) प-सा-सा-सा हे आवर्तन पुरं झालं की पंचमाच्या आधी कापा आणि दोन्ही टोकं एकमेकांवर चढवून क्रॉसफेड द्या (एकाचा आवाज उतरवत दुसऱ्याचा चढवा). नाहीतर खर्जाची आस मध्येच तुटते आणि दर फेरीला टक्क वाजतं.