मदत हवी आहे: स्ट्रीमरला विक्रीतला वाटा द्यायचा तर हिशोब कसा धरायचा?

आम्ही दोघांनी मिळून एक कथाप्रधान गेम केलाय. दीड तासात संपतो, स्टीमवर (गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात) ३४९ रुपयांना आहे. एक स्ट्रीमर तो लाइव्ह खेळायला तयार आहे, पण मानधनाऐवजी त्याच्यामुळे होणाऱ्या विक्रीतले २० टक्के मागतोय. एकरकमी द्यायला आमच्याकडे पैसे नाहीत, त्यामुळे मला हे पटतंय.

घोडं अडलंय ते मोजणीवर. एपिक या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात क्रिएटर कोड असतो, म्हणजे खरेदी करताना स्ट्रीमरचा कोड टाकला की विक्री त्याच्या नावावर धरली जाते; स्टीमवर तशी सोय नाही. यूटीएम लिंक (ग्राहक कुठून आला ते नोंदवणारी लिंक) वापरून पाहिली. मागच्या महिन्यात एका छोट्या स्ट्रीमनंतर लिंकवरून ११ प्रती गेल्या, पण त्या दोन दिवसांत एकूण ६४. उरलेले बरेचसे नाव शोधून आले असणार. आमच्या साइटवरून कीज (स्टीमवर गेम मिळवून देणारे कोड) विकणं दोघांना झेपणार नाही.

शिवाय स्टीमचे ३० टक्के आधीच जातात. आणि दोन तासांहून कमी खेळलेला गेम १४ दिवसांत परत करता येतो, आमचा तर तेवढ्यात संपतोच! याचीच सगळ्यात जास्त धास्ती आहे.

असा करार केलेल्यांनी प्लीज सांगा: टक्केवारी रिफंड आणि स्टीमचा वाटा वजा करून लावली का? पैसे किती दिवसांनी दिले? आणि लिंकबाहेरची विक्री कशी धरली?