क्लायंटने पहिल्याच बैठकीत कारण सांगितलं की डोकं तिथंच अडकतं. तुमचं काय?

प्रश्न
ऑपरेशन्स कन्सल्टिंगमध्ये, म्हणजे कंपन्यांना रोजच्या कामकाजावर सल्ला देण्यात, नऊ वर्षं झाली. मागच्या कामात एका कंपनीच्या ऑर्डरी उशिरा पोचत होत्या. संचालक पहिल्याच बैठकीत म्हणाले, "गोदामात माणसं कमी आहेत." मग मी चौदा मुलाखती घेतल्या आणि चौदांतही मला तेच ऐकू आलं. परवा वही चाळली. पाचव्या मुलाखतीत सुपरवायझर म्हणाला होता, "माणसं आहेत हो, पण चार वाजेपर्यंत हाताला कामच नसतं. सेल्सवाले सगळं संध्याकाळी टाकतात." मी ते लिहून घेतलंय, खाली रेघसुद्धा मारलीय! रिपोर्टमध्ये मात्र मागमूस नाही. यावर तुम्ही नेमकं काय करता? बायसची, म्हणजे विचारातल्या ठरावीक चुकांची, यादी नको, ती पाठ आहे.

प्रतिसाद १
मानसशास्त्रज्ञ पीटर वेसनचा १९६० चा प्रयोग आठवा. लोकांना सांगितलं, २-४-६ हे आकडे एका नियमात बसतात, दुसरे आकडे विचारून नियम ओळखा. लोक आपल्या अंदाजात बसणारेच आकडे, ८-१०-१२ वगैरे, विचारत राहिले, 'हो' मिळत गेलं. नियम होता नुसता चढता क्रम. तुमच्या चौदा मुलाखती म्हणजे ८-१०-१२च. मी आत जाण्याआधी वहीच्या कोपऱ्यात लिहितो, 'आज काय ऐकलं तर मी चुकलो?' तुमच्याकडे 'सकाळी माणसं रिकामी असतात का?' एवढं लिहिलेलं असतं, तर ते वाक्य सुटलं नसतं.

प्रतिसाद २
ते ठीक, पण आता 'सेल्सच दोषी' म्हणून मोकळं होऊ नका. डेव्ह स्नोडेनच्या कनेव्हिन चौकटीत, म्हणजे प्रश्न कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखायच्या पद्धतीत, किचकट आणि गुंतागुंतीचं यात फरक केलाय. किचकट गोष्ट जाणकाराला उलगडते. गुंतागुंतीची हात लावला की बदलते. आम्ही एका कंपनीत 'ऑर्डर दुपारी बारापर्यंत' असा नियम लावला. तिसऱ्या आठवड्यात सेल्सवाले बाराला अंदाजी आकडे भरून संध्याकाळी दुरुस्त करू लागले. गोदामाचे हाल दुप्पट. आता मी एकाच टीमवर दोन आठवडे करून बघतो, आणि कधी थांबायचं ते आधीच ठरवतो.

प्रश्नकर्ता
अंदाजी आकडे! आमच्याकडेही हेच झालं असतं. पण 'करून बघू' म्हटलं की क्लायंटचा चेहरा पडतो. पैसे ठाम उत्तराचे मोजलेले असतात.

प्रतिसाद १
मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइनचं प्री-मॉर्टेम करा, म्हणजे योजना सुरू करण्याआधीच ती फसली असं धरून कारणं शोधा. 'सहा महिने झाले, योजना फसली. का?' प्रत्येकाने आपापलं लिहायचं, साहेबांचं शेवटी वाचायचं, नाहीतर बाकीचे त्यांचीच री ओढतात.

प्रश्नकर्ता
आज केलं. योजना का फसली, याला संचालकांच्या चिठ्ठीवर एकच ओळ होती: 'महिनाअखेरीला टार्गेटसाठी मीच नियम मोडायला सांगितला.'