पोलीस आयुक्त थेट लोकसभेच्या रिंगणात: कायद्याची आडकाठी आहे का?

धंतोलीकर
नमस्कार. नागपूर, पुणे आणि मुंबई या तिन्ही शहरांचे पोलीस आयुक्त राहिलेले डॉ. सत्यपाल सिंह यांनी २०१४ च्या आरंभी मुंबईचे आयुक्त असतानाच सेवा सोडली, फेब्रुवारीत भारतीय जनता पक्षात प्रवेश केला आणि त्याच वर्षी बागपतमधून अजित सिंह यांना हरवून ते खासदार झाले; पुढे केंद्रात राज्यमंत्रीही झाले. आयुक्ताच्या खुर्चीवरून उठून इतक्या लवकर पक्षाच्या व्यासपीठावर जाण्यास कायदा मोकळीक देतो का, आणि ती असावी का? जाणकारांनी कृपया सांगावे.

सदरचा वकील
मोकळीक आहे. सेवेत असेपर्यंत अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या वर्तणूक नियमांनुसार राजकारणात भाग घेता येत नाही, परंतु सेवा सुटली की हे बंधन संपते. खरी मेख राजीनामा मंजूर होण्यात आहे, कारण सरकारी पदावर असलेल्या व्यक्तीला राज्यघटनेच्या कलम १०२ मुळे लोकसभेची उमेदवारी करता येत नाही. आपल्याच राज्यातील पोलीस अधिकारी अब्दुर रहमान यांनी डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाच्या निषेधार्थ सेवा सोडत असल्याचे जाहीर केले; २०२४ मध्ये त्यांनी धुळ्यातून अर्ज भरला, तेव्हा राजीनामा मंजूर नसल्याच्या कारणावरून तो बाद झाला. निवृत्तीनंतर वर्षभराच्या आत खासगी कंपनीत नोकरी धरायची तर याच अधिकाऱ्यांना सरकारची परवानगी लागते, निवडणुकीसाठी मात्र अशी अट नाही, ही विसंगती मला खटकते. सेवा सोडल्यावर निवडणूक लढवण्याआधी काही काळ थांबावे, असे निवडणूक आयोगाने २०१२ मध्ये सुचवले होते, केंद्राने ते मानले नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा विषय कायदेमंडळावर सोपवला.

महाल, नागपूर
माझे वडील शहर पोलिसांत हवालदार होते, म्हणून बंदोबस्ताच्या बाजूने लिहितो. हिवाळी अधिवेशनात मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर मोर्चे अडवले जातात. कोणाला कुठपर्यंत येऊ द्यायचे, कोणाच्या शिष्टमंडळाला आत सोडायचे, कोणाला ताब्यात घ्यायचे, हे वरून ठरते आणि बॅरिकेडपाशी उभा असलेला शिपाई समोरचा झेंडा न बघता हुकूम पाळतो. साहेब लगेच त्यांपैकी एखाद्या झेंड्याखाली गेले, तर त्यांच्या प्रत्येक जुन्या हुकमाकडे लोक संशयाने बघतात आणि त्याची झळ त्या शिपायाला बसते. सिंह आपल्या मूळ जिल्ह्यातून उभे राहिले, नोकरी केलेल्या शहरातून नाही, हे त्यांच्या बाजूने नक्कीच म्हणावे लागेल. तरीही दोन वर्षे थांबण्याची अट असावी, असे माझे ठाम मत आहे.

खामल्याची वाचक
मला दोन वर्षे जास्त वाटतात. बिहारचे पोलीस महासंचालक गुप्तेश्वर पांडे यांनी २०२० मध्ये विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर स्वेच्छानिवृत्ती घेऊन जनता दलात (संयुक्त) प्रवेश केला, तरी त्यांना उमेदवारी मिळाली नाही. म्हणजे गणवेश उतरवला की तिकीट ठरलेलेच, असे नाही. मला जास्त काळजी वाटते ती वकीलसाहेबांनी सांगितलेल्या मंजुरीची. एकाचा राजीनामा झटपट मार्गी लागतो आणि दुसऱ्याचा वर्षानुवर्षे पडून राहतो, तेव्हा कोणी निवडणूक लढवावी हे सत्तेवर असलेले सरकारच ठरवू शकते. चौकशी प्रलंबित असेल तर ती कारणासह कळवावी, नाहीतर ठरावीक मुदतीत होकार किंवा नकार द्यावा, असा नियम आधी व्हावा. त्यानंतर वर्षभराची अट घातली, तर ती सगळ्यांना सारखी लागू पडेल.