'रोहना' जहाजाची युद्धातली माहिती कुठे मिळेल?

वाडीकर_८८
नमस्कार मंडळी. पणजोबांची जुनी सीडीसी, म्हणजे खलाशाच्या नोकरीची नोंदवही, घरातल्या ट्रंकेत सापडली. १९४१ मध्ये 'रोहना' जहाजावर डेक साइडला खलाशी म्हणून चढल्याची नोंद आहे. घरात एवढंच ऐकत आलोय की ते सैनिकांची ने-आण करणारं जहाज होतं आणि लढाईत बुडालं. ब्रिटिश नौदल आणि तेव्हाचं रॉयल इंडियन नेव्ही, दोन्हींच्या जहाजांच्या याद्या चाळल्या, नाव नाही. कुठे शोधू?

जुना_बोसन
नौदलाच्या यादीत ते सापडणार नाही, कारण नौदलात ते कधी दाखलच झालं नाही. 'रोहना' ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं, म्हणजे आपल्याकडे ज्याला बीआय म्हणतात त्या कंपनीचं. १९२६ मध्ये इंग्लंडात टाइन नदीवर हॉथॉर्न लेस्लीच्या यार्डात बांधलं, ८,६०२ टनांचं. शांततेच्या काळात मद्रास, नागपट्टणम, सिंगापूर अशा फेऱ्या आणि डेकवर हजारोंनी तमिळ मजूर. १९४० मध्ये सरकारने ते सैन्यासाठी ताब्यात घेतलं. कंपनी तीच, अधिकारी तेच, खलाशीही आपलेच, फक्त नावाच्या आधी एचएमटी, म्हणजे सैन्य वाहून नेणारं सरकारी जहाज, असं लागलं. त्यामुळे मर्चंट नेव्हीच्या कागदांत शोधा. लंडनला क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये बीटी ३८९ ही जहाजांच्या हालचालींच्या कार्डांची मालिका आहे आणि बीटी ३८१ मध्ये लढाईच्या वर्षांतले क्रू करार, म्हणजे खलाशांचे जहाजावरच्या नोकरीचे करार आहेत. तुमच्या पणजोबांची सही किंवा अंगठा असलाच तर तिथे असेल.

बुडण्याची हकिकत अशी. नोव्हेंबर १९४३ मध्ये अल्जेरियातल्या ओरानहून सुमारे दोन हजार अमेरिकन सैनिक घेऊन हे जहाज केएमएफ २६ या काफिल्यात सामील झालं. बीआयचीच 'एग्रा' आणि 'करोआ' सोबत होती. सुएझमार्गे हिंदुस्थानात यायचं होतं. २६ नोव्हेंबरला संध्याकाळी अल्जेरियातल्याच बूजीच्या किनाऱ्यासमोर जर्मन विमानांनी हल्ला केला. एका हायंकेल १७७ विमानाने हेन्शेल २९३ सोडला. हा पंख असलेला, रॉकेट लावलेला बॉम्ब, विमानात बसलेला माणूस तो रेडिओने वळवत आणतो. तो डाव्या कुशीतून आत शिरला आणि इंजिनरूमच्या भागात फुटला. वीज गेली, पंप बंद, आग. दीड तासाच्या आसपास जहाज तळाला गेलं. १,०१५ अमेरिकन सैनिक मेले. शत्रूला या बॉम्बचं यश कळू नये म्हणून अमेरिकेने सगळं दाबून ठेवलं. घरच्यांना आपला मुलगा कसा गेला हेही कित्येक वर्षं कळलं नाही.

लाटेवरचा
मी एका अमेरिकन लेखात वाचलं होतं की खलाशी घाबरून आधी लाइफबोटींत चढले आणि सैनिकांना सोडून दिलं. वाडीकर, वाईट वाटून घेऊ नका, पण असं लिहिलेलं आहे.

जुना_बोसन
लिहिलेलं आहे, ठाऊक आहे. वाचलेल्या सैनिकांनी जे पाहिलं ते सांगितलं, त्यांच्यावर माझा राग नाही. पण आकडे बघा. जहाजावर १९५ खलाशी होते, त्यातले ११७ गेले, अधिकारी पाच गेले ते वेगळे. म्हणजे खलाशांतले शंभरात साठ मेले आणि सैनिकांतले शंभरात पन्नास-एक्कावन्न. जे आधी पळाले असं म्हणायचं, तेच जास्त मेले? हा हिशेब त्या लेखांत कोणी मांडत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि लाइफबोटींचं म्हणाल तर मी आयुष्यभर त्या उतरवल्यात. बोट डेव्हिटला, म्हणजे जहाजाच्या कडेच्या लोखंडी हातांना, पुढे एक आणि मागे एक अशा दोन फॉलवर, म्हणजे दोरांवर लटकते. दोन्ही दोर एकाच चालीने सोडावे लागतात. एक माणूस घाईने सोडतो, दुसऱ्याचा दोर ब्लॉकमध्ये, म्हणजे कप्पीत, अडतो, की बोट एका टोकावर उभी राहते आणि आतली सगळी माणसं पाण्यात. ब्लॉकवर वर्षानुवर्षं रंगाचे थर चढलेले, दोर मिठाने कडक झालेला, जहाज कललेलं, अंधार पडत आलेला आणि बोटीत तिच्या ताकदीच्या दुप्पट माणसं. अशात निष्णात टंडेलसुद्धा, म्हणजे खलाशांचा मुकादमसुद्धा, हतबल होतो. 'रोहना'वर २२ बोटी होत्या, काही स्फोटातच गेल्या आणि मोजक्याच पाण्यापर्यंत पोचल्या. समुद्र खवळलेला होता. बरेच सैनिक तर कमरेला बांधायच्या फुगवायच्या पट्ट्यामुळे गेले. तो काखेत वर ओढायचा असतो, हे सांगायला कोणी नव्हतं. कमरेलाच राहिला की माणूस पाण्यात उलटा होतो.

अंधारात शोध घेऊन 'पायोनियर' या अमेरिकन माइनस्वीपरने, म्हणजे समुद्रातले सुरुंग काढणाऱ्या जहाजाने, एकट्याने सहाशेच्या वर माणसं वर काढली. त्या जहाजाचं नाव लक्षात ठेवा.

वाडीकर_८८
काका, वाचून अंगावर काटा आला. सीडीसी पुन्हा नीट बघितली. डिस्चार्जचा शिक्का पुसट आहे, पण १९४२ आणि बॉम्बे वाचता येतं. म्हणजे जहाज बुडालं त्या वेळी पणजोबा त्यावर नव्हते. पण आजी म्हणते, वाडीतले दोघे त्याच जहाजावर राहिले आणि परत आले नाहीत. त्यांच्या घरी कुणाकडे काही कागद नाही.

जुना_बोसन
मग तुमचं काम सोपं झालं आणि त्या दोघांचं जास्त गरजेचं. तुम्ही १९४१ ते ४२ एवढ्याच काळाची हालचालीची कार्डं मागवा, त्यात बंदरं आणि तारखा येतील.

त्या दोघांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या संकेतस्थळावर शोधा. लंडनच्या टॉवर हिलवर व्यापारी खलाशांचं स्मारक आहे, पण आपल्या लोकांची नावं तिथे नाहीत. ती मुंबईत आहेत, मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये, कांस्याच्या वेष्टनातल्या ग्रंथात. तसाच दुसरा ग्रंथ चितगावला आहे. समुद्रात गेलेल्या जवळपास सहा हजार हिंदी व्यापारी खलाशांची नावं त्यात आहेत. शोधताना आडनाव टाकू नका. कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं, आणि बऱ्याचदा आडनाव नसतंच. २६ नोव्हेंबर १९४३ ही तारीख टाका, जहाजाचं नाव टाका आणि येणारी सगळी यादी एकेक करून वाचा. काही नोंदींत बापाचं नाव आणि गाव असतं. आजींना शेजारी बसवून वाचलीत तर उत्तम, वाडीतली घराणी त्यांना पाठ असणार.

वाडीकर_८८
रविवारी आजीकडे लॅपटॉप घेऊन जातोय. नावं मिळाली की इथेच टाकतो.