रॉक फॉस्फेट काळ्या रानात का लागू पडत नाही

चिकोडीकडच्या दादांनी विचारलंय, रॉक फॉस्फेट (पिकाला स्फुरद मिळावं म्हणून घालतात ती दगडाची भुकटी) घालूनही उसाला फरक का दिसला नाही. त्यावर 'माल भेसळीचा असणार' असं उत्तर आलंय. असेलही, पण आधी त्या दगडाचा स्वभाव बघा.

त्यातलं मुख्य खनिज अ‍ॅपेटाइट: कॅल्शियम, फॉस्फेट आणि जोडीला फ्लोरिन, क्लोरिन किंवा हायड्रॉक्सिल. साध्या पाण्यात ते जवळजवळ विरघळतच नाही, त्याला आम्ल लागतं. म्हणून बेळगावजवळच्या खानापूरकडच्या भरपूर पावसाच्या तांबड्या, आम्लधर्मी मातीत ते हळूहळू पिकाला मिळतं. तुमच्या चुनखडीच्या काळ्या रानात मात्र वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. सुपर फॉस्फेट म्हणजे हाच दगड, कारखान्यात गंधकाम्लाने आधीच फोडलेला.

आपल्या दातांचं एनॅमल याच घराण्यातलं आहे. गोड खाल्ल्यावर तोंडातले जिवाणू आम्ल तयार करतात आणि दात झिजतो, तीच ही रसायनक्रिया. मला हे फार विलक्षण वाटतं.

हे खनिज ओळखायचं म्हणाल तर मोह्सच्या 1 ते 10 च्या मापात कठीणपणा 5, चाकूने जेमतेम ओरखडा उठतो. स्फटिक षटकोनी, बरेचदा हिरवे. पाचूच्या जातीच्या बेरिलशी गल्लत इतकी व्हायची, की जर्मन खनिजतज्ज्ञ वेर्नर यांनी 1786 मध्ये 'फसवणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिलं.

दादा, माती तपासून घ्या. सामू (pH) 7 च्या वर, म्हणजे माती आम्लधर्मी नसेल, तर रॉक फॉस्फेटवर पैसे घालू नका. सुपर फॉस्फेट शेणखतात मिसळून सरीत द्या.